डर्बीशायरमधलं लिस्टेड दगडी घर: घेण्याआधी आणि घेतल्यावर

प्रश्न थोडक्यात असा. डर्बीत नोकरी करणाऱ्या एका मराठी जोडप्याला वर्क्सवर्थजवळचं अठराव्या शतकातलं दगडी घर आवडलं आहे. घर ग्रेड टू लिस्टेड आहे, म्हणजे जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीत आहे. तळमजल्याच्या भिंतींना ओल आहे, खिडक्या जुन्या लाकडी आहेत आणि मागे एक पडका गोठा आहे. स्वयंपाकघर मोठं करायला एक आतली भिंत पाडायची, डबल ग्लेझिंग बसवायचं आणि ओलीवर इंजेक्शनचा इलाज (भिंतीत भोकं पाडून ओल अडवणारं रसायन भरणं) करून घ्यायचा, असा बेत आहे. हे सगळं घराच्या आतलं काम, मग त्यात कौन्सिलचा काय संबंध, असं त्यांनी विचारलं आहे.

संबंध आहे, आणि तो पटत नसेल तर हे घर घेऊ नका.

लिस्टेड म्हणजे फक्त दर्शनी भाग जपायचा, हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. १९९० च्या कायद्यानुसार संरक्षण संपूर्ण इमारतीला असतं: जिना, आतल्या भिंती, शेकोट्या, दारं, फळ्यांची जमीन, जुना गिलावा, छपराच्या पोटातल्या तुळया. ग्रेड वन असो, टू स्टार असो की टू, कौन्सिलच्या परवानगीची, म्हणजे लिस्टेड संमतीची, अट एकच. ग्रेडमुळे एवढाच फरक पडतो की वरच्या दोन ग्रेडच्या अर्जांवर हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेचं मतही घेतलं जातं. इंग्लंडमधल्या लिस्टेड इमारतींपैकी ग्रेड वन जेमतेम अडीच टक्के आहेत, टू स्टार सहा टक्क्यांच्या आत, बाकी सगळ्या टू. तेव्हा "आमचं काय, फक्त ग्रेड टू" या बोलण्याला अर्थ नाही. यादीचा बहुतेक भाग ग्रेड टूचाच आहे.

इमारतीच्या वैशिष्ट्याला बाधा येईल असं काम संमतीशिवाय केलं तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. दंडाला वरची मर्यादा नाही आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खटला काम करणाऱ्यावर आणि करवून घेणाऱ्यावर चालतो. पण पूर्ववत करा अशी नोटीस आजच्या मालकाला येते आणि तिला कालमर्यादा नाही. आधीच्या मालकाने वीस वर्षांपूर्वी प्लॅस्टिकच्या खिडक्या चोरून बसवल्या असतील, तर खरेदीबरोबर ते दुखणं तुमच्याकडे येतं.

गोठ्याचंही ऐका. घराच्या आवारातलं, जमिनीशी जोडलेलं आणि १ जुलै १९४८ च्या आधीपासून उभं असलेलं बांधकाम घराबरोबरच लिस्टेड धरलं जातं, नोंदीत त्याचा उल्लेख असो वा नसो. आवाराची दगडी भिंतही त्यात येऊ शकते. "नाहीतरी पडकाच आहे" म्हणून तो गोठा सपाट करू नका.

नॅशनल हेरिटेज लिस्टवर घराची नोंद फुकट वाचता येते. ती आजच वाचा, पण सावधपणे. जुन्या नोंदी चार-सहा ओळींच्या असतात: दगड कोणता, मजले किती, खिडक्या कशा. इमारत ओळखता यावी एवढाच त्यांचा हेतू होता. जिन्याचा उल्लेख नाही म्हणून जिना मोकळा, असं होत नाही. अलीकडच्या काही नोंदींत मात्र अमुक भागाला महत्त्व नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. २०१३ च्या कायद्याने ती सोय झाली. तुमच्या नोंदीत असं वाक्य सापडलं तर ते जपून ठेवा.

एवढी कडक तरतूद का, याचं उत्तर याच काउंटीत उभं आहे. चेस्टरफील्डजवळचं सटन स्कार्सडेल हॉल १७२४ मध्ये वॉरिकच्या फ्रान्सिस स्मिथने बांधायला घेतलं. इटालियन कारागिरांनी आत गिलाव्याची नक्षी केली. १९१९ मध्ये इस्टेट विकली गेली. घेणाऱ्यांनी आतलं लाकडी अस्तर उपटून विकलं, छप्पर काढलं. त्यातल्या काही खोल्या आज फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहेत आणि डर्बीशायरमध्ये उरला आहे तो नुसता सांगाडा. छप्पर गेल्यावर नक्षीचं काय होतं हे तिथल्या भिंतींवर उरलेल्या तुकड्यांत दिसतं. १९४६ मध्ये लेखक ऑस्बर्ट सिटवेलने ते विकत घेतलं नसतं तर सांगाडाही राहिला नसता. डर्बीतलं मार्कीटन हॉल तर १९६४ मध्ये पाडलंच. तोवर मालकाने आगाऊ सूचना दिली की पुरे होई. आधी संमती आणि मग काम, ही अट १९६८ च्या कायद्याने आली.

आणखी एक धागा मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. डर्बीच्या वायव्येला असलेल्या केडलस्टन हॉलमध्ये १८५९ साली लॉर्ड कर्झन जन्मला. कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाउस याच केडलस्टनच्या आराखड्यावरून बेतलेलं, म्हणजे व्हाइसरॉय म्हणून तो घराच्या प्रतिकृतीतच राहायला गेला. वंगभंगामुळे आपल्याकडे त्याचं नाव चांगल्या अर्थाने निघत नाही आणि ते योग्यच आहे. पण भारतातला १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा त्याच्याच कारकिर्दीतला. पुढे लिंकनशायरमधल्या टॅटरशॉल किल्ल्याच्या शेकोट्या विकून अमेरिकेला निघाल्या होत्या. १९११ मध्ये त्याने किल्ला घेतला, शेकोट्या परत आणल्या आणि ब्रिटनचा १९१३ चा स्मारक कायदा होण्यात त्याचा मोठा हात होता. केडलस्टनला गेलात तर पूर्वेकडच्या वस्तूंच्या संग्रहालयाशेजारी लेडी कर्झनचा १९०३ च्या दिल्ली दरबारातला मोरपिशी पोशाख जरूर पाहा. त्यावरची जरदोजी भारतातल्या कारागिरांची आहे.

तुमच्या घरासाठी मात्र केडलस्टनमधली पाहायची गोष्ट वेगळी आहे. वास्तुविशारद रॉबर्ट ॲडमने पुऱ्या केलेल्या त्या वाड्याच्या मोठ्या दालनात अलाबास्टरचे वीस खांब आहेत आणि पायाखालची फरशी हॉप्टन वुड दगडाची. तो दगड वर्क्सवर्थच्या परिसरातला चुनखडक. तुमच्या भिंतीही बहुधा त्याच जातीच्या खडकाच्या असतील, फक्त ओबडधोबड बांधलेल्या. कोपऱ्यांना आणि खिडक्यांच्या चौकटींना घडीव ग्रिटस्टोन (खरखरीत वालुकाश्म) असेल, कारण तो छन्नीने चांगला घडवता येतो.

आता ओल. तुमच्या यादीत तिला पहिला मान द्या आणि इंजेक्शनवाल्याला शेवटचा. खरं तर त्याला बोलावूच नका.

अशी भिंत साधारण ४५० ते ६०० मिलिमीटर जाड असते. बाहेर एक थर, आत एक थर, मधल्या पोकळीत दगडांचे तुकडे आणि चुना, आणि मधूनमधून दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड. हा चुनखडक फार घट्ट असतो, पाणी त्यातून जवळजवळ जात नाही. त्यामुळे भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडते ती दरजांमधल्या चुन्यातून. त्या दरजा सिमेंटने भरल्या की भिंतीचा श्वासच बंद. सिमेंट आकसून दगडापासून सुटतं, केसभर फटीतून पावसाचं पाणी आत ओढलं जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. मग ते आतल्या बाजूला येतं. तिथे कोणी जिप्समचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक रंग लावलेला असतो. तो फुगतो, पांढरे क्षार उमलतात आणि कोणीतरी येऊन दोन टोकांचं मीटर भिंतीला लावून "जमिनीतून ओल चढते" म्हणून सांगतं. ते मीटर लाकडासाठी बनवलेलं आहे. क्षार असलेल्या भिंतीवर ते कोरड्या जागीही ओरडतं. खरं मोजायचं तर भिंतीत भोक पाडून चुरा काढतात आणि कार्बाइडच्या बाटलीत तपासतात. आणि मध्ये पोकळ भरणी असलेल्या अशा भिंतीत इंजेक्शनचं रसायन सलग थर धरतच नाही. भोकं मात्र कायमची राहतात.

क्रम असा ठेवा. आधी जोरदार पावसात घराभोवती छत्री घेऊन फिरा. ओतीव लोखंडाच्या पन्हळी कुठे वाहून जातात, उभ्या नळाच्या मागच्या बाजूला चीर आहे का (ती नेहमी भिंतीकडच्या बाजूला असते, रंग तिथे पोचत नाही), धुराड्याच्या मुळाशी शिसं फाटलं आहे का, हे पाहा. मग बाहेरच्या जमिनीची पातळी. शतकभर माती, फरसबंदी, फुलझाडं यांनी ती चढलेली असते. ती आतल्या जमिनीपेक्षा किमान दीडशे मिलिमीटर खाली हवी. मात्र खणताना पाया उघडा पडणार नाही याची काळजी घ्या, या घरांना पाया म्हणून अनेकदा नुसते मोठे दगड असतात. त्यानंतर भिंतीवरचं सिमेंट. ते ठिसूळ असेल तिथे छन्नीने हळू काढा. जिथे दगडाची कड तुटते तिथे थांबा. ग्राइंडर अजिबात नको, दरज रुंद होते आणि दगडांच्या कडांवर कायमचे काप पडतात.

एवढं झालं की वाट पाहा. भिंत वाळण्याचा ठोकताळा महिन्याला पंचवीस मिलिमीटरचा. म्हणजे जाड भिंतीला वर्षाहून अधिक काळ लागू शकतो, आणि आधी गिलावा करून टाकलात तर तो वाया जाईल. बहुतेक मालक इथेच धीर सोडतात.

दरजा भरायला नैसर्गिक हायड्रॉलिक (पाण्याने घट्ट होणारा) चुना, सहसा ३.५ प्रतीचा, एक भाग आणि खरखरीत, लहानमोठ्या कणांची वाळू अडीच ते तीन भाग. वाळूचा रंग जुन्या चुन्याशी जुळवा, दरजेचा रंग वाळू ठरवते. दरज रुंदीच्या दुप्पट खोल आणि किमान २५ मिलिमीटर मोकळी करा, धूळ काढा, आधी पाणी मारून दगड ओलसर करा. चुना दाबून भरा. तो घट्ट झाला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ताठ ब्रशने ठोकून वाळूचे दाणे उघडे करा. दरज दगडाच्या पृष्ठभागाशी सपाट किंवा किंचित आत. दगडांवर दोरीसारखी उठलेली दरज या भागात खूप दिसते, पाणी तिच्यावर बसतं, ती करू देऊ नका. तापमान पाच अंशांखाली जाणार असेल तर काम नको. डर्बीशायरच्या टेकड्यांवर म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर, फार तर ऑक्टोबरची सुरुवात. कामावर तागाची ओली पोती आठवडाभर तरी टांगून ठेवा. भराभर वाळलेला चुना हाताने चुरता येतो. आतून तीन थरांचा चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी. दगडी फरशीखाली प्लॅस्टिक घालून काँक्रीट ओतलं तर जमिनीतली ओल बाजूला सरकून भिंतीत चढते, म्हणून फरशी हलवायचीच असेल तर खाली चुन्याचं काँक्रीट करतात.

छपराबद्दल थोडक्यात. या भागात जुनं छप्पर ग्रिटस्टोनच्या फरश्यांचं असतं. वळचणीला मोठ्या आणि माथ्याकडे लहान होत जाणाऱ्या रांगा, ओकच्या खुंट्यांवर टांगलेल्या. वजन चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास. छपराच्या मध्यावरचा हलका झोल जुना आणि स्थिर असेल तर तो सरळ करायला जाऊ नका. दगड सहसा टिकतो, खुंट्या आणि रिपा कुजतात. म्हणून उतरवून पुन्हा घालणं हे दुरुस्तीचं काम आहे. दगडाऐवजी काँक्रीटची कौलं घालणं मात्र संमतीशिवाय चालणार नाही, आणि संमती मिळायचीही नाही. छपरात वटवाघळं आहेत का हे आधी तपासून घ्या. त्यांना आणि त्यांच्या जागेला कायद्याचं संरक्षण आहे, पाहणीचा मुख्य हंगाम मे ते ऑगस्ट असतो, आणि हा हंगाम हुकला की अख्खं वर्ष जातं.

खिडक्या. हार्डविक हॉल पाहून या. बेस ऑफ हार्डविक या श्रीमंत सरदारपत्नीसाठी वास्तुकार रॉबर्ट स्मिथसनच्या आराखड्यावर १५९० ते १५९७ मध्ये उभं राहिलेलं घर, भिंतीपेक्षा काच जास्त अशी त्याची ख्याती. इमारतीचं रूप खिडक्या किती ठरवतात हे तिथे समजतं. तुमच्या छोट्या घराच्या बाबतीतही तेच, म्हणून कौन्सिलचा संवर्धन अधिकारी तिथेच अडून बसतो. जुनी हाताने केलेली काच किंचित लाटांची असते, तिच्यातलं प्रतिबिंब हलतं. ती एकदा फुटली की तशी मिळत नाही. खिडक्या वरखाली सरकणाऱ्या असतील तर दोऱ्या बदला, वजनं तपासा, खालची कुजलेली कड कापून टिकाऊ लाकडाचा सांधा भरा, जवसाच्या तेलाची लांबी वापरा. डर्बीशायरमध्ये आडव्या सरकणाऱ्या, यॉर्कशायर सॅश म्हणतात तशा खिडक्याही भेटतात. त्या दुर्मीळ होत चालल्या आहेत, तुमच्याकडे असतील तर हात लावण्याआधी दोनदा विचार करा. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी, म्हणून कोरडं घासू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

साध्या दुरुस्तीला संमती लागत नाही. पूर्ण खिडकी बदलायला किंवा जुन्या चौकटीत दुहेरी काच घालायला लागते, आणि मूळ खिडकी शाबूत असेल तर बहुतेकदा नकार येतो. त्यापेक्षा आतल्या बाजूने दुसरी काच बसवा. उष्णतेसाठी वीस मिलिमीटर अंतर पुरतं, रस्त्याचा आवाज अडवायचा तर शंभर किंवा अधिक. आतली काच घट्ट बसवा आणि बाहेरची खिडकी थोडी सैल राहू द्या. उलटं केलंत तर दोन्हींच्या मध्ये पाणी साचून लाकूड कुजतं. अधिकाऱ्याला एक ईमेल टाकून लेखी उत्तर घ्या.

स्वयंपाकघराची भिंत. अठराव्या शतकातल्या अशा घराची मांडणी दोन-तीन खोल्यांचीच असते. एक भिंत गेली की घराचा नकाशाच पुसला जातो, आणि वरच्या तुळयांचा भारही बहुधा तिच्यावरच असतो. पूर्ण भिंत पाडायचा अर्ज करू नका. दोन्ही बाजूंना भिंतीचा भाग आणि वर छतालगत पट्टा ठेवून मध्ये रुंद वाट काढायचा अर्ज करा, त्याला होकार मिळण्याची शक्यता बरीच जास्त. मागे विसाव्या शतकातली जोडखोली असेल तर वाढायची खरी जागा तीच.

अर्ज डर्बीशायर डेल्स कौन्सिलकडे. पीक डिस्ट्रिक्ट उद्यानाच्या हद्दीत घर असतं तर उद्यान प्राधिकरणाकडे करावा लागला असता. लिस्टेड संमतीला शुल्क नाही. मात्र नियोजन परवाना लागला तर त्याचं शुल्क वेगळं, आणि बिल्डिंग रेग्युलेशन्स तिसरंच. १:१२५० चा स्थळनकाशा, १:५० ची आजची आणि प्रस्तावित रेखाटनं, लाकूडकामाचे १:५ किंवा १:१० चे छेद आणि हेरिटेज स्टेटमेंट लागतं. बरेच अर्ज या शेवटच्या कागदावर अडतात. त्यात तुम्हाला काय हवंय हे आधी लिहू नका. घरात काय जुनं आहे, कोणत्या काळातलं, त्याला महत्त्व का, हे आधी, आणि तुमच्या कामाने त्यातलं किती कमीत कमी जातं हे मग. अर्ज दाखल करून घेतल्यापासून आठ आठवडे, मंजुरी मिळाली तर तीन वर्षांत काम सुरू करायचं. बऱ्याचदा अट अशी येते की चौरस मीटरभर दरजांचा नमुना करून दाखवा आणि तो पसंत पडल्यावरच पुढे जा. तोच नमुना पुढे गवंड्याशी वाद झाला तर तुमच्या कामाला येतो.

अधिकाऱ्याची भाषा कळायला कॉक ॲबीत एक दुपार घालवा. १७०४ मध्ये पूर्ण झालेलं हे घर १९८५ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या धर्मादाय संस्थेकडे आलं, आणि ट्रस्टने ते नवंकोरं न करता गळती थांबवून, उडालेले रंग आणि सोललेले कागद जसेच्या तसे ठेवून जपलं. दुरुस्ती करा, नूतनीकरण नको, हा १८७७ साली स्थापन झालेल्या प्राचीन इमारत संरक्षण संस्थेचा आग्रह तिथे खोल्याखोल्यांतून दिसतो. हॅडन हॉलची गोष्ट याच्या उलट्या टोकाची. मालक दुसऱ्या वाड्यात राहायला गेले, सुमारे दोनशे वर्षं कोणी त्यात पैसा ओतला नाही, म्हणून जॉर्जियन काळातली "सुधारणा" त्याच्या वाट्याला आली नाही आणि मध्ययुगीन दालन वाचलं. पन्हळ साफ ठेवली असेल तर इमारतीला दुर्लक्ष सोसतं, हौशी मालक सोसत नाही, असं माझं मत आहे.

पैशांचं गणित. २०१२ च्या ऑक्टोबरपर्यंत लिस्टेड घरातल्या मंजूर बदलांवर व्हॅट शून्य होता, आता दुरुस्ती असो वा बदल, वीस टक्के. घर दोन वर्षं किंवा जास्त रिकामं असेल तर बऱ्याच कामांवर पाच टक्के लागू शकतो. मालकाकडे रिकामेपणाचा लेखी पुरावा मागा, आणि काम सुरू होण्याआधी मागा. विमा नेहमीच्या कंपनीचा नको. घर जळालं तर ते त्याच दगडात, त्याच चुन्यात पुन्हा बांधायचा खर्च बाजारभावापेक्षा जास्त असू शकतो, म्हणून पुनर्बांधणीचा अंदाज जुन्या इमारतींच्या जाणकाराकडून घ्या.

घराची पाहणी तिसऱ्या पातळीची (लेव्हल थ्री, सगळ्यात सखोल) करून घ्या, आणि जुन्या इमारतींच्या संवर्धनाची मान्यता असलेल्या सर्व्हेयरकडूनच. ज्याच्या अहवालात "ओलीसाठी तज्ज्ञ कंपनीला बोलवा" एवढंच असेल त्याला फी देऊन उपयोग नाही. वकिलाला सांगून कौन्सिलकडचा नियोजनाचा सगळा इतिहास काढा, जुने फोटो आणि आधीची विक्रीची पत्रकं शोधा, आणि ती हातात धरून घरातून फिरा. फोटोत जाळीदार काच आणि आज तिथे अखंड काच, फोटोत शेकोटी आणि आज सपाट भिंत, असं काही दिसलं की त्याची संमती कुठे आहे ते विचारा. नसेल तर विक्रेत्याला ती आता घ्यायला लावा, किंवा पूर्ववत करायचा खर्च किमतीतून वजा करा. अशा वेळी विक्रेत्याचा वकील इन्डेम्निटी पॉलिसी पुढे करतो. ती नोटिशीचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत देते, खिडकी काही परत आणत नाही. शिवाय तिची एक अट वाचून ठेवा: त्या कामाबद्दल तुम्ही आधी कौन्सिलशी बोललात तर पॉलिसी बहुधा मिळत नाही किंवा बाद होते. म्हणून अधिकाऱ्याला फोन करायचा की पॉलिसी घ्यायची, हे वकिलाशी बसून फोन करण्याआधी ठरवा.